एक खुर्ची, चार प्लॅस्टिक आणि तीन दशकं

लग्नाच्या मांडवात आपण ज्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो, ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. तेच पॉलिमर वापरून डिझाईनच्या जगातली एक अतिशय प्रसिद्ध खुर्ची बनते: पँटन चेअर. पण या खुर्चीला त्या पॉलिमरपर्यंत पोहोचायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास एकदा समजून घ्यावा, असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगते.

वर्नर पँटन हा डॅनिश डिझायनर. १९६० च्या आसपास त्याच्या डोक्यात कल्पना पक्की होती: पाठ, बैठक आणि पाया, सगळं एकाच सलग तुकड्यातून. मागचे पाय नाहीत, सांधा नाही. बाजूने बघितलं तर इंग्रजी एस अक्षर. मागच्या पायांशिवाय खुर्ची ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. मार्ट स्टामने १९२६ मध्येच पोलादी नळीची तशी खुर्ची केली होती. पण पोलादाला जमतं ते प्लॅस्टिकला जमेलच असं नाही. बसणाऱ्याचं वजन बैठकीखालच्या वळणावर येतं. दर वेळी ते वळण थोडं वाकतं आणि परत येतं. मांडवातल्या खुर्चीत हाच भार चार पाय वाटून घेतात.

अनेक उत्पादकांनी नकार दिल्यावर स्वित्झर्लंडच्या व्हिट्रा कंपनीने हे काम हातात घेतलं. आता पुढचा क्रम नीट बघा.

१९६७: काचतंतू घातलेलं पॉलिएस्टर. खुर्ची उभी राहिली, पण हाताचं काम फार. मोठ्या संख्येने बनवणं परवडण्यासारखं नव्हतं.

१९६८: पॉलियुरेथेनचा कडक फोम. दोन द्रव साच्यात एकत्र येतात, त्यांची अभिक्रिया होते आणि फोम फुगून साचा भरतो. मजबुती मिळाली. पण साच्यातून काढल्यावर पॉलिश पेपरने घासा, लांबी भरा, मग रंग मारा!

१९७१: ल्युरान-एस, म्हणजे स्टायरिन गटातलं थर्मोप्लॅस्टिक. यात दाणे वितळवून दाबाने साच्यात सोडतात आणि खुर्ची रंगासकट तयार बाहेर पडते. घासणं नाही, रंगवणं नाही. वळणाला आधार म्हणून खालून बरगड्या दिल्या. कागदावर सगळे प्रश्न सुटले होते.

आणि इथेच गडबड झाली. वापरात काही वर्षं गेल्यावर हे प्लॅस्टिक जुनं होऊन कमकुवत पडू लागलं, खुर्च्या मोडू लागल्या. १९७९ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं.

मग काय केलं? मागे वळले. १९८३ पासून खुर्ची पुन्हा पॉलियुरेथेन फोममध्ये बनू लागली. महाग, पण टिकाऊ. शेवटी १९९९ मध्ये पॉलिप्रॉपिलीनची आवृत्ती बाजारात आली. ही साच्यातूनच रंगीत निघते आणि वाकणंही सहन करते. पँटन मात्र १९९८ मध्येच गेला होता.

आता प्रश्न असा, की पँटन चेअरचा ‘शोध’ कधी लागला? १९६० म्हणाल, १९६७ म्हणाल की १९९९? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. आकार, पदार्थ आणि प्रक्रिया या तिन्हींची घड्याळं वेगवेगळी चालतात. आकार आधी तयार होता, बाकीची दोन मागून आली. म्हणून एखाद्या वस्तूचा इतिहास लिहिताना नुसतं डिझाईनचं वर्ष देऊ नका. समोरचा नमुना कोणत्या पदार्थाचा, कोणत्या पद्धतीने बनलेला, हे आधी विचारा. फोटोत चारही खुर्च्या जवळपास सारख्याच दिसतात!

दुसरी गोष्ट जरा जवळची. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या पॉलिमरच्या पट्ट्या ताण-चाचणीत उत्तम निघाल्या होत्या. कपाटात ठेवलेल्या त्याच पट्ट्या काही महिन्यांनी वाकवल्या, तर तडे गेले. वाटलं, वर्ष वाया गेलं. ती नोंद वहीतून गाळायचा मोहही झाला, खोटं कशाला बोलू? पण गाळली नाही. आज माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्या तड्यांवरच उभं आहे.

एका दिवसाची चाचणी ‘आज किती मजबूत’ एवढंच सांगते. ‘किती वर्षं मजबूत’ हे काळच सांगतो. म्हणून फसलेल्या नमुन्यावरही तारीख घाला, पदार्थाचं नाव लिहा आणि जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी मांडवात खुर्ची ओढून बसाल, तेव्हा आधी ती उलटी करून बरगड्या कुठे दिल्यात ते बघा. भार कुठे येतो, ते तिथेच कळेल.