ग्रहांचा दरबार



फलज्योतिष खरे की खोटे, हा वाद आज मी मांडणार नाही. तो वाद चावडीवर रोज चालतो आणि त्यात कोणीच हरत नाही. मला निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. आकाशातील ग्रहांना घरे, मालकी आणि पदव्या कोणी वाटून दिल्या, केव्हा दिल्या आणि कोणत्या हिशोबाने दिल्या? कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या कानी मालकी हा शब्द पडला की त्याला तिचा कागद पाहावासा वाटतो. तो कागद मी माझ्या कुवतीप्रमाणे वाचला, तो आपल्यापुढे ठेवतो.

सिंह रास रवीची आणि कर्क चंद्राची, हे पंचांग पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पुढे मिथुन-कन्या बुधाच्या, वृषभ-तूळ शुक्राच्या, मेष-वृश्चिक मंगळाच्या, धनु-मीन गुरूच्या व मकर-कुंभ शनीच्या. ही वाटणी वरवर मनमानी वाटते. परंतु बारा राशी वर्तुळात मांडून पाहा. कर्क व सिंह ही शेजारशेजारची दोन राजघरे. त्यांच्या दोन्ही अंगांस बुधाचे एकेक घर, त्यापलीकडे शुक्राचे, मग मंगळाचे, मग गुरूचे आणि अगदी समोरच्या टोकाला शनीची दोन घरे. बुध सूर्यापासून २८ अंशांहून आणि शुक्र ४८ अंशांहून अधिक दूर कधी दिसत नाही. रास ३० अंशांची. म्हणून बुधाला पहिले घर, शुक्राला दुसरे. बाकीच्या तिघांची वाटणी गतीप्रमाणे झाली आहे: जो जितका मंद, तितका तो राजवाड्यापासून लांब.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे टॉलेमी हा ग्रीक पंडित होऊन गेला. त्याने या वाटणीचे कारण दिले आहे. कर्क व सिंह या कडक उन्हाच्या राशी, म्हणून त्या दोन मोठ्या ज्योतींना दिल्या. मकर व कुंभ या थंडीच्या, म्हणून त्या थंड प्रकृतीच्या शनीकडे गेल्या.

हे कारण आपल्या वऱ्हाडात लावून पाहा. आपला उन्हाळा वैशाख-ज्येष्ठाचा. सिंहेचा सूर्य आपल्याकडे केव्हा असतो? श्रावणी अमावास्येला, म्हणजे पोळ्याच्या दिवशी, तो सिंहेतच असतो. बैल रंगवून, झुली घालून शेतकरी तोरणाखाली उभा राहतो तेव्हा त्याची नजर उन्हाकडे नसते, ढगाकडे असते. सायन मानाने मोजले तरी सिंहेचा सूर्य जुलैअखेरपासून ऑगस्टपर्यंतचा, म्हणजे भर पावसाळ्यातला. तेव्हा हे कारण ज्या देशात सुचले, त्या देशात श्रावणात पाऊस पडत नव्हता, एवढे निश्चित.

भाषाही हीच साक्ष देते. होरा, द्रेष्काण, केंद्र हे शब्द ग्रीकांकडून आले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहज्जातकात राशींना क्रिय, लेय, पाथोन, जूक अशीही नावे दिली आहेत. ती ग्रीक क्रिओस, लिओन, पार्थेनोस, झिगोन यांचीच संस्कृत रूपे. वराहमिहिराने हे ऋण लपविले नाही. यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यापाशी आहे म्हणून ते ऋषींप्रमाणे पूज्य आहेत, असा अभिप्राय त्याने बृहत्संहितेत नोंदविला. विद्येची जात न पाहणारा हा मोठेपणा आपण विसरू नये.

ग्रहांच्या उच्च स्थानांची कथा याहून जुनी आहे. मेसोपोटेमियातील मातीच्या विटांवर प्रत्येक ग्रहाचे एक 'गुप्त स्थान' सांगितलेले आढळते: गुरूचे कर्केत, शनीचे तुळेत. तीच पुढे उच्च राशी झाली. ग्रीकांनी तिला अंश जोडले. चंद्र वृषभेच्या ३ अंशांवर, बुध कन्येच्या १५, शुक्र मीनेच्या २७ आणि मंगळ मकरेच्या २८ अंशांवर परमोच्च, हे आकडे ग्रीक व भारतीय ग्रंथांत तंतोतंत जुळतात. रवीचा मात्र ग्रीकांकडे मेषेचा १९ वा अंश, आपल्याकडे १० वा. गुरूचा त्यांच्याकडे १५ वा, आपल्याकडे ५ वा. चार आकडे असे जुळावेत, हा योगायोग म्हणवत नाही.

आपल्या वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत. मेषादी राशी नाहीत, वारही नाहीत. वार येथे केव्हा रुळले याचा एक पक्का पुरावा मध्य प्रदेशातील एरणच्या स्तंभावर आहे. बुधगुप्ताच्या काळचा तो लेख गुप्त संवत १६५ चा, आषाढ शुद्ध द्वादशीचा, गुरुवारचा. फ्लीटसाहेबांच्या गुप्त लेखांच्या ग्रंथासाठी (१८८८) त्या तिथीचे गणित शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी केले आणि ती २१ जून ४८४ ठरली. दीक्षित हे १८५३ साली कोकणातील मुरूड येथे जन्मलेले, शिक्षकी पेशाचे गृहस्थ. १८९६ साली त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला आणि दोनच वर्षांनी ते वारले. आजही या विषयाकडे वळणाऱ्यास त्यांच्या ग्रंथावाचून गत्यंतर नाही.

आता पदव्यांकडे वळू. बृहज्जातकात ग्रहांचा दरबार भरलेला आहे. रवी-चंद्र राजे, मंगळ सेनापती, बुध राजकुमार, गुरू आणि शुक्र सचिव. आणि शनी? तो चाकर. दुर्बिणीतून पाहिले तर शनी हा कड्यांनी वेढलेला मोठा थोरला ग्रह आहे. केवळ तो लांब आहे आणि एका फेरीस त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून तो मंद, पांगळा आणि नोकर ठरला. जमिनीवर जसे राज्य होते तसेच माणसाने आकाशात बसविले. गंमत अशी की मेषेत रवी उच्चीचा, तेथेच शनी नीचीचा. आणि तुळेत, म्हणजे तराजूच्या राशीत, शनी उच्चीचा आणि राजा नीचीचा.

आपल्या जिल्ह्यात याहून निराळी मांडणी आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. त्या दिवशी बहुधा रवी मेषेत आणि चंद्र वृषभेत, म्हणजे दोन्ही राजे उच्चीचे असतात. पण घटात पाहावे तर मधोमध असते ती पाण्याची घागर. तिच्याखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, भोवती गोल धान्ये. राजाही आहे, पण तो विड्याच्या पानात. दुसऱ्या दिवशी सांगितले जाणारे भाकीत कितपत मानावे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दिसते ते इतकेच, की कुणब्याने मांडलेल्या जगात मधली जागा पाण्याला मिळाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. काम सुटलेला, मजुरी थकलेला माणूस मला पुष्कळदा सांगतो, 'साहेब, साडेसाती आहे.' साडेसाती तीन राशींना असते, म्हणजे कोणत्याही दिवशी दर चौघांत सुमारे एकाला. त्यात मालकही आला. मग मजुरी एकाचीच का थकते?

शेवटी वारांचे सांगतो. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशा क्रमाने २४ होरा वाटल्या की दुसऱ्या दिवसाची पहिली होरा चौथ्या ग्रहाकडे जाते. शनिवारनंतर रविवार येतो तो असा. रविवार हा राजाचा वार, आणि तो चौदाशे वर्षे येथे नांदत होता. तरी गिरणीतील माणसाला त्या दिवशी विसावा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून ती मागितली तेव्हा. त्या वर्षी रवी कोणत्या राशीत होता, याची चौकशी कोणी केल्याचे मला आढळले नाही.