मिकुलिचचा रोग : एका नावाचा अस्त व पुनरुदय

रोगाचे नामकरण हे वर्णनाइतकेच वर्गीकरणही असते, आणि वर्गीकरण त्या त्या काळच्या निरीक्षणसाधनांच्या मर्यादेतच करावे लागते. मिकुलिचच्या रोगाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

क्यॉनिग्सबर्ग येथील शल्यचिकित्सक योहान फॉन मिकुलिच (१८५०-१९०५) याने १८८८ मध्ये एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची हकीकत तेथील वैद्यकमंडळापुढे मांडली. रोग्याच्या अश्रुग्रंथी व लालाग्रंथी दोन्ही बाजूंस सारख्याच सुजल्या होत्या. सविस्तर वृत्तांत १८९२ साली प्रसिद्ध झाला. पुढे मात्र क्षय, ल्युकेमिया इत्यादींमुळे येणारी तशीच सूजही या नावाखाली मोडू लागली. म्हणून १९२७ मध्ये शाफर व जेकबसन यांनी मूळ रोग आणि अन्य व्याधींतून उद्‌भवणारा लक्षणसमूह असे दोन वर्ग पाडले.

१९३३ मध्ये स्टॉकहोम येथे हेन्रिक स्योग्रेन याने आपल्या प्रबंधात शुष्कनेत्राने पीडित अशा १९ स्त्रियांचे वर्णन केले. त्यांपैकी १३ जणींना संधिवातही होता. १९५३ मध्ये मॉर्गन व कॅसलमन यांनी ऊतकपरीक्षेवरून मिकुलिचचा रोग हा स्योग्रेनच्या विकाराहून भिन्न नाही, असा निष्कर्ष काढला, आणि मिकुलिचचे नाव मागे पडले.

हा निष्कर्ष निष्काळजीपणाचा नव्हता. दोहोंतही ग्रंथींत लसीका कोशिकांची दाटी आढळते. आणि जी वर्गातील प्रतिपिंडांचे उपवर्ग तर १९६० नंतरच्या दशकात ओळखले गेले. २००१ मध्ये जपानी संशोधकांना स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट दाहात यांपैकी चौथ्या उपवर्गाचे रक्तरसातील प्रमाण वाढलेले आढळले. २००४ मध्ये यामामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच वाढ मिकुलिचच्या रोगातही दाखविली. आज हा रोग अनेक इंद्रियांना ग्रासणाऱ्या एका व्यापक विकाराचा भाग मानला जातो.

हा भेद केवळ नावापुरता नाही. स्टेरॉइड औषधांनी मिकुलिचच्या रोगातील सूज बहुधा ओसरते व ग्रंथींचा स्राव सुधारू शकतो. स्योग्रेनच्या विकारात असा लाभ क्वचितच होतो. शिवाय पहिल्या रोगात स्वादुपिंड व मूत्रपिंड यांचीही तपासणी आवश्यक ठरते. यास्तव जुन्या रोगवृत्तांतांच्या अभ्यासकाने त्यांवरील नाव हेच निदान असे न मानता, मूळ निरीक्षणे स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे आहे.