सुपातले तांदूळ आणि इलेक्शन

मंडळी, घरातली माउली सूप घेऊन तांदूळ निवडायला बसते, तेव्हा ती काय करते? दाणे बोटांनी पुढे सारते आणि खडा दिसला की उचलून बाजूला टाकते. नजर ढळली तर खडा भातात जातो आणि कोणाच्या तरी दाताखाली येतो. या ‘निवडणे’ क्रियापदापासूनच आपला ‘निवडणूक’ शब्द झाला. आता गंमत पाहा. खेड्यापाड्यांत सर्रास ऐकू येणारा इंग्रजी ‘इलेक्शन’ हा शब्दही अशाच कामातून जन्मला आहे.

हा शब्द मूळचा रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतला; फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे. झाडाखालची ऑलिव्हची फळे वेचायची, तरी शब्द हाच. त्याला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘एलिगेरे’ झाले, म्हणजे वेचून बाहेर काढणे. त्यातूनच ‘इलेक्शन’ आले.

लेगेरेचा दुसरा अर्थ ‘वाचणे’. अक्षरे नजरेने वेचली, की वाचन झाले! म्हणून ‘लेक्चर’ याच कुळातले. वेगळे काढणे ते ‘सिलेक्शन’. आणि वेचून एकत्र करणारा तो ‘कलेक्टर’. जिल्ह्याचा सारा गोळा करणारा म्हणून त्या अधिकाऱ्याला हे नाव मिळाले. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ही शब्दांची भावकी वर्गात फळ्यावर मांडून पाहावी. मुले पुन्हा विसरणार नाहीत.

रोममध्ये उमेदवार खडूने शुभ्र केलेला झगा घालून मते मागत फिरे. ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र. ‘कँडिडेट’ शब्द तिथला. पूर्वी मत तोंडाने सांगावे लागे. बडी माणसे समोर उभी असताना गरिबाने मोकळेपणाने बोलावे तरी कसे? इ. स. पूर्व १३९ मध्ये कायदा झाला आणि अधिकारी निवडताना मत पाटीवर लिहून गुप्तपणे देता येऊ लागले. तरीही मोठ्या अधिकाऱ्यांच्या निवडणुकीत श्रीमंतांचे गट आधी मत देत आणि बहुमत झाले की मतदान तिथेच थांबे. गरिबांची पाळी पुष्कळदा येतच नसे. स्त्रिया आणि गुलाम यांना तर मत नव्हतेच.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच एकवीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांना सरसकट मताचा हक्क मिळाला. १९८९ मध्ये ही वयोमर्यादा अठरावर आली. जमीनदाराचे मत एक आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचेही एकच. रोमला जे साधले नाही, ते आपल्या पदरात आहे.

आता या कुळातला एक शब्द सांगायचा राहिला. लेगेरेच्या आधी नकार लागला, की ‘निग्लेक्ट’ होतो. म्हणजे न वेचणे, हयगय करणे. इलेक्शन आणि निग्लेक्ट ही एकाच मुळाची दोन फळे! मतदानाच्या दिवशी “माझ्या एका मताने काय होणार?” म्हणून जो घरी बसतो, त्याने सूप खाली ठेवले असे समजा. पण भात शिजायचा थोडाच थांबतो? तो सगळ्यांच्याच ताटात येतो, खड्यांसकट.