पाच पैशांचं तिकीट आणि एक कोटी पाहुणे

परक्या देशातून जीव वाचवायला आलेल्या माणसांना आत घ्यायचं का, किती दिवस ठेवायचं आणि त्यांचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद आज युरोप-अमेरिकेत रोज चालतो. आपल्याकडेही चालतो, पण तो असा चालतो की जणू हा प्रश्न आपल्यासमोर प्रथमच आलाय. म्हणून आज मी १९७१ सालाबद्दल बोलणार आहे. युद्धाबद्दल नाही, त्यावर भरपूर बोलून झालंय. मला बोलायचंय ते हिशेबाबद्दल.

तुमच्या घरात जुन्या पत्रांची पिशवी असेल तर जरा उपसून बघा. १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ या काळातल्या पाकिटांवर नेहमीच्या टपाल तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट दिसेल. निर्वासितांच्या मदतीसाठी लावलेला तो कर होता. गंमत अशी की घाईघाईत नवं तिकीट छापायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाचं पाच पैशांचं चालू तिकीट घेतलं आणि त्यावरच 'रिफ्यूजी रिलीफ' अशी अक्षरं उमटवली. खाली छोटं सुखी कुटुंब, वर एक कोटी लोकांचा संसार! ती तिकिटंही सगळीकडे वेळेत पोचली नाहीत. कित्येक ठिकाणी टपाल कचेऱ्यांनी स्वतःच रबरी शिक्के मारून काम भागवलं. माझ्याकडे अशी चार-पाच पाकिटं आहेत आणि प्रत्येकावरचा शिक्का वेगळा आहे. डिसेंबरात निर्वासित कुटुंबाचं चित्र असलेलं खास तिकीट निघालं. रेल्वेच्या भाड्यावर, विमानाच्या तिकिटावर आणि वर्तमानपत्राच्या प्रतीवरही असाच भार पडला.

हा कर बसवणारे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. पुनर्वसन खातं होतं र. के. खाडिलकरांकडे, म्हणजे तेव्हाच्या बारामतीच्या खासदारांकडे. दोघे मराठी होते हा योगायोग, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण तिजोरीची चावी आणि निर्वासितांची यादी या दोन्ही गोष्टी आपल्या माणसांच्या हातात होत्या, एवढं मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही.

आता आकडे. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. महिनाभरात सीमेवर रांगा लागल्या. मे महिन्यात रोज सरासरी एक लाख माणसं आत येत होती. नुसतं ऐकून सोडू नका, एक लाख म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणा. आज एका तालुक्याच्या गावाएवढी वस्ती आली, उद्या तेवढीच, परवा तेवढीच. मे महिन्यात चव्हाणांनी अर्थसंकल्पात यासाठी ६० कोटी रुपये धरले. ऑगस्टमध्ये आणखी २०० कोटींची पुरवणी मागणी आणावी लागली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी मे महिन्यातच जगाकडे साडेसतरा कोटी डॉलर मागितले. त्यात गृहीत धरलं होतं ३० लाख माणसं आणि सहा महिने. आवाहनाचा कागद वाळायच्या आत तो आकडा मागे पडला. डिसेंबरच्या मध्याला भारत सरकारची नोंद होती जवळजवळ ९९ लाखांची. त्यांपैकी सुमारे ६८ लाख छावण्यांत आणि बाकीचे नातेवाईक-ओळखीच्यांकडे. छावण्या ८२५. वर्षाचा खर्च ७० कोटी डॉलरच्या घरात जाईल, असा जागतिक बँकेचा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत आलेली मदत शेवटी १८ कोटींच्या आसपास भरली. उरलेलं कोणाच्या खिशातून गेलं, हे पाकिटावरचं तिकीट सांगतं.

मला या पाच पैशांबद्दल आदर आहे. सरकारने खर्च लपवला नाही, गरीब-श्रीमंत सगळ्यांना तो दिसेल अशा जागी चिकटवला. नाशिकहून नागपूरला खुशाली कळवणाऱ्या बाईलाही कळत होतं की आपण कोणाला तरी जेवू घालतोय.

पण हाच हिशेब पुरा मानला तर फसगत होते. खरं बिल फाडलं गेलं ते सीमेवरच्या माणसांच्या नावावर, आणि ते कुठल्याही अर्थसंकल्पात नाही.

त्रिपुरा घ्या. १९७१ च्या जनगणनेत त्रिपुराची लोकसंख्या साडेपंधरा लाख. तिथे आलेले निर्वासित चौदा लाखांवर. म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसामागे जवळपास एक पाहुणा. तेव्हा त्रिपुरा पूर्ण राज्यसुद्धा नव्हतं, केंद्रशासित प्रदेश होता, आणि तीन बाजूंनी पूर्व पाकिस्तानने वेढलेला. धान्य यायचं ते आसाममार्गे लांबचा वळसा घेऊन. शाळांमध्ये छावण्या बसल्या, मुलं घरी बसली. मेघालयातही दहा लाखांच्या वस्तीत साडेसहा लाखांहून जास्त आले. निर्वासितांनी काम करायचं नाही, असा सरकारी नियम होता, स्थानिक मजुरांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून. नियम कागदावर राहिला. उपाशी माणूस मिळेल त्या मजुरीवर राबतो, आणि मग शेजारच्या भूमिहीन मजुराची मजुरीही खाली येते. वर त्याला दिसत होतं की छावणीत तांदूळ, डाळ, तेल फुकट मिळतंय, आणि आपल्या चुलीवर तेवढंही शिजत नाही. त्याच्या मनात राग आला तर त्याला दुष्ट म्हणायची माझी तयारी नाही. दिल्लीत किंवा मुंबईत बसून माणुसकीचं भाषण करणाऱ्याला पाच पैसे पडले, सीमेवरच्याला रोजंदारी पडली. निर्वासितांविषयीच्या वादात हा फरक कोणीच मोजत नाही. विरोध करणारे सगळा दोष आलेल्यांवर टाकतात आणि बाजू घेणारे स्थानिकाची तक्रार म्हणजे द्वेष, असं म्हणून मोकळे होतात.

आलेल्यांनी काय मोजलं तेही बघा. कोलकात्याजवळ सॉल्ट लेकच्या छावणीत अडीच लाख माणसं होती. पावसाळा आला, चिखल झाला, आणि कित्येक कुटुंबं गटारासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांमध्ये राहिली. सप्टेंबरअखेर छावण्यांमध्ये कॉलऱ्याच्या ४६ हजार रुग्णांची नोंद होती. बनगावच्या रुग्णालयात शिरेतून द्यायचं सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते आयांच्या हाती दिलं, मुलांना पाजा म्हणून. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. आज गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी वापरताना लोकांना कुठे माहीत असतं की तिचा एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा पहिला वापर निर्वासितांच्या छावणीत झाला! जमाखर्च मांडायचाच तर हे जमेच्या बाजूला लिहावं लागेल. कुठल्या दराने, ते अर्थशास्त्रज्ञांनी ठरवावं.

आता धोरण. भारताने पहिल्या दिवसापासून एकच भूमिका घेतली : हे लोक पाहुणे आहेत, परत जातील. इंदिरा गांधींनी २४ मे रोजी लोकसभेत हेच मांडलं. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपण सही केलेली नव्हती, आजही नाही. निर्वासित कोणाला म्हणायचं याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे तेव्हा नव्हता आणि आजही नाही. तरीही एवढी माणसं सामावली आणि परत गेलीही. फेब्रुवारी १९७२ संपेपर्यंत ९० लाखांवर लोक परतले. जाताना त्यांना वाटेचं खाणं आणि दोन आठवड्यांचा शिधा दिला. २५ मार्चला सरकारने सांगितलं, साठ हजारच उरलेत. (पाच पैशांचा कर मात्र त्यानंतर वर्षभर राहिला. पाहुणे गेले तरी कर जायला वेळ लागतो.)

याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. ते परतले कारण मधे युद्ध झालं आणि ज्या राजवटीपासून ते पळाले होते ती कोसळली. पाहुणचाराचं धोरण स्वतःच्या बळावर यशस्वी झालं नाही, त्याला बांगलादेशची निर्मिती लागली. निर्वासितांना वर्षानुवर्षं पोसण्यापेक्षा लष्करी कारवाई स्वस्त, असा युक्तिवाद दिल्लीत तेव्हा उघडपणे होत होता. लष्करी कारवाईच्या बाजूने बोलणाऱ्यांत के. सुब्रह्मण्यम यांचं नाव ठळक होतं. म्हणजे खर्चाचा आकडा दार बंद करायलाही वापरता येतो आणि रणगाडे बाहेर काढायलाही. तिबेटी १९५९ ला आले, श्रीलंकेचे तमिळ १९८३ नंतर आले. त्यांच्यासाठी असं काही घडलं नाही, म्हणून त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज इथेच आहे, कुठे नोंदणीपत्रावर तर कुठे छावणीत.

आणि त्रिपुरात १९७१ च्या आधी, फाळणीपासून, जे येत राहिले ते परत गेलेच नाहीत. जाणार कुठे? एकेकाळी निम्म्याहून जास्त असलेले तिथले आदिवासी १९७१ च्या जनगणनेत २९ टक्क्यांवर आले होते. जमीन गेली, भाषेचं वजन गेलं. जून १९८० मध्ये मंडाईत बंगाली वस्तीवर हल्ला झाला आणि शेकडो माणसं मारली गेली. मारले गेलेले बहुतेक स्वतःच विस्थापित किंवा विस्थापितांची मुलं. हा खर्च कोणत्या खात्यात लिहायचा?

आसामात या सगळ्याचा शेवट एका तारखेत झाला. १९८५ च्या आसाम कराराने २४ मार्च १९७१ ची मध्यरात्र ही सीमा ठरवली. त्याआधी आलेल्यांसाठी वाट आहे, नंतर आलेले परकीय. ३१ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रीय नागरिक नोंदणीची यादी लागली तेव्हा १९ लाखांवर अर्जदार तिच्याबाहेर होते. त्या नोंदणीत चालणाऱ्या कागदांमध्ये निर्वासित नोंदणीचा दाखलाही होता. मात्र तो २४ मार्च १९७१ च्या आधीचा हवा. १९६४ च्या दंगलीनंतर आलेल्या आजोबांचा पिवळा पडलेला कागद नातवाला नागरिक ठरवू शकत होता, आणि एप्रिल १९७१ मध्ये छावणीत मिळालेला तसाच कागद जपून ठेवला असेल, तर तो बाहेर न काढलेलाच बरा.