अर्धशिशी : लेपापासून गोळीपर्यंत



'मायग्रेन' हा शब्द आता आमच्या संग्रामपुरातही पोराटोरांच्या तोंडी झाला आहे. आमच्या लहानपणी ती अर्धशिशी होती. गंमत बघा, दोन्हींचा अर्थ एकच! दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याचा ग्रीक शब्द 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धं डोकं. त्याचाच अपभ्रंश मायग्रेन. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले, त्यातही 'अर्धावभेदक' आहेच.

लहान मुलांचं मात्र पुष्कळदा दोन्हीकडे, सबंध कपाळ दुखतं. त्यामुळे नावावर गेलं की निदान हुकतं. शिवाय डोकं दुखतंय म्हणणाऱ्या पोराला 'अभ्यासाचा कंटाळा' असा शेरा मारायची शाळांतून सर्रास रीत होती. घरी सुंठीचा लेप, डोक्याला घट्ट फडकं, अंधारी खोली आणि झोप. यातली शेवटची दोन डॉक्टर आजही सांगतात.

१९१८ साली बाझेलच्या सॅन्डोझ कंपनीत आर्थर स्टोल यांनी राय धान्यावरच्या अरगट बुरशीतून अरगोटामिन वेगळं काढलं. ते रक्तवाहिन्या आकसवतं हे ग्रॅहम आणि वुल्फ यांनी १९३८ मध्ये दाखवलं. पण त्याने मळमळ वाढायची. १९९१ मध्ये खास या दुखण्यासाठी सुमाट्रिप्टान आलं, तेही मोठ्यांसाठी. सहा वर्षांवरच्या मुलांना रिझाट्रिप्टान द्यायला अमेरिकेत परवानगी मिळाली २०११ मध्ये. म्हणजे मुलं वीस वर्षं रांगेत मागेच!

तोवर त्यांच्या वाट्याला मोठ्यांच्याच गोळ्या. ॲस्पिरिनमुळे मुलांना 'राय सिंड्रोम' हा मेंदू-यकृताचा आजार होऊ शकतो, असे इशारे १९८० च्या दशकात अमेरिका-ब्रिटनमध्ये दिले गेले. निमेसुलाइडवर आपल्याकडे बारा वर्षांखालच्यांसाठी २०११ मध्ये बंदी आली.

हा इतिहास उगाळण्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या पुतण्याची मुलगी दहावीत आहे. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान आठ दिवस मायग्रेनचे असतील, तर त्याला 'क्रॉनिक' म्हणतात. ती तिथवर पोचली होती. दुखलं की गोळी, रोज गोळी. डॉक्टरांनी समजावलं की अशाने गोळीच डोकेदुखीला खतपाणी घालते.

२०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. झटका सुरू होताच, दुखणं सौम्य असतानाच, वजनाप्रमाणे आयबुप्रोफेन द्यावं. उशिरा दिलं तर गुण कमी. पण आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल महिन्यात चौदा दिवसांपलीकडे नको, ट्रिप्टान नऊ दिवसांपलीकडे नको. म्हणजे लवकर, पण मोजून!

आपल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक काळजी. इथे मूत्रपिंडाचे आजार फार, आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. तेव्हा आधी पोटभर पाणी, आणि घरात कुणाला तो आजार असेल तर डॉक्टरांना तसं सांगणं.

नातेवाईक मंडळींना एकच विनंती. कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवशी एक खूण करा, गोळीच्या दिवशी दुसरी. महिनाअखेर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. आणि अचानक जबर डोकं दुखलं, ताप येऊन मान ताठली, नजर किंवा बोलणं बिघडलं, तर खुणा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.