केएक्झेक : नव्या कर्नलकडे थेट वाट
कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तो बदलायचा म्हणजे संगणक पुन्हा सुरू करणे आले. मोठ्या सर्व्हरवर मेमरी व यंत्रभागांच्या प्राथमिक तपासणीतच कित्येक मिनिटे जातात आणि तोवर सेवा ठप्प राहते. यावरील उपाय म्हणजे 'केएक्झेक'. २००५ साली लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. चालू कर्नल नव्या कर्नलला आधीच मेमरीत आणून ठेवतो व थेट त्याच्या हाती सूत्रे सोपवतो. बायॉस आणि बूटलोडर हे टप्पे वगळले जातात. चालू प्रोग्रॅम मात्र बंद होतातच, त्यामुळे माहिती आधी जतन करणे आवश्यक ठरते. कर्नल कोसळल्यास राखीव मेमरीतील दुसरा कर्नल सुरू करून बिघाडाची नोंद टिपणारी 'केडम्प' ही सोयही याच तंत्रावर उभी आहे.