कुंची, दुपटे आणि इतिहासाचे दफ्तर

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने शिवणकामावर बोलावे, याचे काही जणांना नवल वाटेल. वर्गात मी लढाया, तह आणि सनावळ्या शिकवतो. सुई हातात धरली असेल तर ती सदऱ्याचे बटण लावण्यापुरती. पण ज्या वस्तूंविषयी आज बोलणार आहे, त्यांतली एक माझ्याच हातून गेली. आणि गेल्यावर तिची किंमत कळली.

आमचे घर नातेपुत्याचे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते, तेच हे गाव. काही वर्षांपूर्वी पालखी यायच्या आधी घर आवरायला काढले. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या कपड्यांचे गाठोडे होते. दारात बोहारीण आली होती. मी ते गाठोडे उचलून तिला दिले आणि स्टीलचे एक पातेले घेतले. संध्याकाळी आईने विचारले, "त्यात तुझी कुंची होती. काढून ठेवलीस ना?" मी काढून ठेवली नव्हती. आई रागावली नाही. "पातेलं तरी बरं दिलंय," एवढंच म्हणाली.

कुंची म्हणजे काय, हे आजच्या तरुण मंडळींना सांगावे लागेल. तान्ह्या मुलाच्या डोक्यावरून घालून पाठीवर पायांपर्यंत सोडायचे ते वस्त्र. वर टोपीसारखा भाग, खाली घोळ, हनुवटीखाली बांधायला बंद. थंडीवाऱ्यात मूल बाहेर न्यायचे तर कुंची हवीच. ऐपतीप्रमाणे ती खणाची, रेशमाची किंवा साध्या सुती कापडाची असे. कडेला जुन्या लुगड्याचा काठ लावीत. तिच्या जोडीला टोपडे, झबली, लंगोट, दुपटी आणि लहानशी गोधडी, आमच्याकडच्या भाषेत वाकळ. हा सारा सरंजाम म्हणजे बाळंतविडा. आजी, मावशी, आत्या, शेजारणी, ज्या त्या आपापल्या हाताने काहीतरी शिवीत आणि बाळ-बाळंतिणीला नेऊन देत.

ही चाल काही कालपरवाची नाही. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या कोशात कुंची आहे, टोपडे आहे, गोधडीही आहे. साहेबाच्या पंडितांना हे शब्द घरोघर ऐकू येत होते. पण शब्द कोशात शिरले, वस्तू मात्र कोणत्याच दफ्तरात शिरली नाही. सरदारांच्या पोशाखांची यादी कागदोपत्री सापडते. मुलाच्या दुपट्याची नोंद कोण ठेवणार?

आता या शिवणाचे मर्म पाहा. तान्ह्या मुलाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, जुनेच लावायचे, अशी जुन्या घरांची रीत. नव्या कापडाला खळ असते, ते खरखरीत असते. वीस-पंचवीस वेळा धुतलेले लुगडे किंवा धोतर मऊ पडलेले असते. ते दुहेरी घेऊन कडेने शिवले की दुपटे झाले. वाकळीसाठी तेच कापड चार-सहा पदरी अंथरून, धावदोऱ्याने बाहेरच्या कडेकडून आत मधोमध शिवत आणायचे, म्हणजे थर सरकत नाहीत आणि चोळामोळा होत नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते. ते सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आले.

शिवाय कापड महाग होते. माळशिरस तालुका मूळचा अवर्षणाचा. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाने हा सारा टापू होरपळून निघाला. त्याच धामधुमीत, १८७७ साली, सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच पुढे लोक जुनी गिरणी म्हणू लागले. गिरणीने कापड स्वस्त केले खरे, तरी गरिबाच्या घरी ते जपूनच वापरावे लागे. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आले, आणि फाटके लुगडेही पुन्हा मोलाचे झाले. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, हातात पैसा खेळू लागला, तेव्हा कुठे बाजारातले तयार कपडे आमच्या घरांत शिरले.

परंतु काटकसर हे अर्धेच कारण. दुसरे कारण भीतीचे आहे, आणि ते सांगायला जीभ अडखळते. पुष्कळ घरांत मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवून ठेवीत नसत. पाचवी-सटवी पार पडावी, बारसे व्हावे, मग नवे अंगावर घालावे. मूल हाती लागेल याचा भरवसाच नव्हता. आपल्या देशात १९५१ च्या सुमारासही हजार मुलांमागे सुमारे १४६ मुले पहिल्या वाढदिवसाआधीच जात. आज ते प्रमाण तिसाच्याही खाली आले आहे. मुले जगत नसत म्हणून दगडू, धोंडू, भिकू अशी नावे ठेवीत, हे आपण सारे जाणतो. जुन्या धोतराचे दुपटे हीही त्याच मनाची खूण. बाळंतविड्यातली टोपडी-झबली शिवणाऱ्या बाईच्या मनात हौस होती तशी ही धास्तीही होती. म्हणून या वस्तूंकडे नुसते गोड कौतुकाने पाहिले तर आपण निम्मा इतिहास गाळतो.

अशा चिंध्यांतून इतिहास वाचता येतो काय? येतो. थोडे दूर, लंडनला चला. तिथे टाकून दिलेल्या मुलांसाठी एक संस्था १७४१ साली उघडली. मूल दाखल करून घेताना त्याच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा किंवा आईने दिलेली चिंधी नोंदीच्या कागदाला टाचून ठेवीत. पुढेमागे आई परत आली तर मूल ओळखता यावे, हा हेतू. असे सुमारे ५,००० तुकडे आजही जपलेले आहेत. अठराव्या शतकातली साधी माणसे काय नेसत, हे इंग्लंडच्या इतिहासकारांना त्या चिंध्यांनी सांगितले. राजवाड्यातल्या रेशमाने ते सांगितले नसते. आपल्याकडे बिहारातली सुजनी पाहा. तीही जुन्या साड्यांचे थर साध्या टाक्याने शिवून नव्या बाळासाठीच होत असे. तिची आता अभ्यासकांनी दखल घेतली आहे.

आता माझ्या कुंचीकडे येतो. ती गेली ती गेलीच. मग एका रविवारी वही घेऊन आईपुढे बसलो आणि म्हटलं, "ती कशी होती, सांग." आई पाऊण तास बोलत होती. पाठीचा भाग आजीच्या हिरव्या इरकली लुगड्याचा. डोक्याला मावशीच्या चोळीचा उरलेला खण. बंद जुन्या परकराच्या नाडीचे. आणि आतले अस्तर आजोबांच्या धोतराचे. आजोबांना मी पाहिलेले नाही. माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी ते गेले. मला एवढेच ठाऊक होते की त्यांचा फोटोसुद्धा नाही. त्यांचे धोतर माझ्या डोक्यावर होते, हे चाळिशी ओलांडल्यावर कळले.

तेव्हा श्रोतेहो, माझी एक साधी विनंती आहे. वस्तू कायम टिकेल असे नाही. कापडाला कसर लागते, आणि बोहारीण दारात यायचीच. पण तुमच्या घरी एखादी कुंची, दुपटे, वाकळ असेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा: कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, शिवले कोणी, कोणत्या साली, कोणत्या मुलासाठी? ते चार ओळींत एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्या कपड्यालाच टाचून ठेवा. टाचणी मात्र लावू नका, गंजते. सुईदोऱ्याने दोन टाके घाला. तेवढे मलासुद्धा जमले आहे.